वार्टबुर्ग किल्ल्यावरील एलिझाबेथ

जर्मनी देशांतील वार्टबुर्ग किल्ल्याचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं मार्टिन ल्यूथर याच्या चरित्रांत ऐकलें असेल. आम्हीही तें प्रथम तेथेंच ऐकलें. धर्मशिक्षणाच्या पाठशाळेंत आम्हांस मंडळीचा इतिहास शिकविला जात असे, तेव्हां इ. स. १५२१ सालीं ल्यूथर या किल्ल्यावर लपून राहिला व तेथें त्यानें नव्या कराराचें जर्मन भाषेंत भाषांतर केलें, एवढीच या स्थळाची ओळख आमच्या मनांत ठसली. पुढें वाचन वाढलें तेव्हां कळलें कीं, ल्यूथराच्या सुमारें तीनशें वर्षें आधीं याच तटाच्या आंत एक तरुण राजस्त्री राहत होती. आणि तिनें आपल्या भरल्या ताटासमोर बसून एक प्रश्न विचारिला, जो विचारण्याचें धैर्य सत्ताधीशांपैकीं फार थोड्यांस झालें आहे. हें अन्न कोणाच्या शेतांतून आलें व तें न्यायानें आलें काय, हाच तो प्रश्न होय. त्या स्त्रीचें नांव एलिझाबेथ. तिचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम त्या किल्ल्याविषयीं व त्याच्या धन्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. वार्टबुर्ग हा थुरिंगिया प्रांतांत आयझेनाख शहराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ४१० मीटर उंचीच्या कड्यावर बांधलेला आहे. भोंवतीं दाट रान आणि खालीं दऱ्याखोऱ्यांत शेतकऱ्यांचीं गांवें. इतक्या उंच खडकावर कांहीं पिकत नाहीं. गडावर लागणारें धान्य, मांस, सरपण, फार काय, कित्येकदां पिण्याचें पाणीदेखील गाढवांच्या पाठीवरून खालून वर चढवावें लागे. म्हणजे जे वर राहत ते खालच्यांच्या श्रमावर जगत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारी कथा हिच्याभोंवतीं फिरते.

हा किल्ला लुडविग नांवाच्या एका सरदारानें इ. स. १०६७ च्या सुमारास बांधिला, अशी परंपरा आहे. त्याविषयीं एक दंतकथा लोकांच्या तोंडीं आहे. ती अशी कीं, तो डोंगर त्याचा नव्हताच; म्हणून त्यानें आपल्या वतनांतील माती टोपल्यांनीं वाहून तेथें पसरली, आणि त्याच्या बारा शिलेदारांनीं त्या मातींत तरवारी रोवून शपथ वाहिली कीं आम्ही आमच्या धन्याच्याच भूमीवर उभे आहों. दंतकथा ती दंतकथाच. तथापि ती सांगतांना लोकांस नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण झाल्यावांचून कशी राहिली असेल? त्याच्या पुत्रास, त्याचेंही नांव लुडविगच, इ. स. ११३१ सालीं लँडग्रेव्ह ही पदवी मिळाली. हा बादशहाचा मांडलिक असा मोठा संस्थानिक समजावा. या वंशास लुडोविंग असें म्हणतात. पुढील लुडविगास लोक लोखंडी लुडविग म्हणत. त्याजविषयीं अशी कथा आहे कीं, रानांत वाट चुकून तो एका लोहाराच्या घरीं वेष पालटून राहिला, आणि प्रत्येक घणाबरोबर तो लोहार आपल्या राजाच्या मऊपणास शिव्या देत आहे असें त्यानें ऐकिलें; कारण राजा मऊ, म्हणून सरदार रयतेस नाडीत. मग त्यानें त्या सरदारांस बैलांच्या जागीं नांगरास जुंपिलें. या कथेंतही इतिहास किती हें कोणी सांगावें? परंतु त्या दऱ्यांतील कुणबी काय सोशीत होते व कशाची आशा करीत होते, हें तींतून स्पष्ट दिसतें.

या वंशांतील हेर्मान हा इ. स. ११९० पासून १२१७ पर्यंत राज्य करीत होता. त्याचा दरबार सर्व जर्मनींत गाजला. मोठमोठे कवि व गायक त्याच्या आश्रयास येत. मेजवान्या, शिकारी व युद्धें यांवर अपार पैसा खर्च होई. अशा या दरबारांत इ. स. १२११ सालीं चार वर्षांची एक मुलगी आणिली गेली. ती हंगेरी देशाचा राजा दुसरा आंद्रेयस याची कन्या एलिझाबेथ. तिचा जन्म १२०७ सालचा. दोन राजघराण्यांची सोयरीक जुळावी म्हणून तिची मागणी झाली होती, आणि सासरच्या चालीरीति अंगवळणीं पडाव्या म्हणून ती बालपणींच सासरीं वाढली. ती सहा वर्षांची असतां तिची आई हंगेरींत सरदारांच्या हातून मारिली गेली. परक्या देशांत, परक्या भाषेंत, मातेवांचून ती लहानाची मोठी झाली.

इ. स. १२२१ सालीं, हेर्मानाच्या मागून गादीवर आलेला त्याचा पुत्र चवथा लुडविग याच्याशीं तिचा विवाह झाला. ती चौदा वर्षांची व तो सुमारें एकवीस वर्षांचा होता. राजघराण्यांतील पुष्कळ विवाह केवळ राज्यासाठीं होतात. परंतु या दोघांचें एकमेकांवर खरें प्रेम होतें, याविषयीं शंका नाहीं. त्या काळची रीत मोडून ती भोजनाच्या वेळीं पतीच्या शेजारीं बसे, आणि तो दूर प्रवासास निघाला म्हणजे जमेल तेथवर घोड्यावरून त्याच्याबरोबर जाई. त्यांस हेर्मान व सोफिया हीं दोन मुलें झालीं, आणि पुढें गेर्ट्रूड नांवाची कन्या झाली.

एलिझाबेथ तरुण वयांतच आपल्या दासींसह लोंकर कातीत बसे व तिचीं वस्त्रें करवून गरिबांस देई. ती गरीब बाळंतिणींच्या झोपड्यांत जाई, आजाऱ्यांस धुई, मृतांस स्वतः शिवलेल्या वस्त्रांत गुंडाळी. येथवर ऐकून वाचक म्हणतील कीं दानशूर राण्या अनेक झाल्या. तें खरेंच आहे. परंतु हिचें पाऊल यापुढें गेलें. दान देणाऱ्यानें आपल्या हातांत तें द्रव्य कोठून आलें याचा शोध करावा, हें तिला उमगलें.

या कामीं तिचा गुरु कॉनराड नांवाचा मारबुर्ग येथील धर्मोपदेशक होता. त्यानें तिला असा नियम घातला कीं, जें अन्न रयतेकडून अन्यायानें उकळलेलें असेल तें तिनें खाऊं नये. झालें! राजवाड्याच्या पंक्तीस बसलें असतां प्रत्येक पदार्थ येई तेव्हां ती कारभाऱ्यांस हळूच विचारी कीं हा कोणत्या गांवचा, पतीच्या हक्काच्या जमिनीचा कीं जुलमानें लादलेल्या पट्टीचा? उत्तर समाधानकारक नसेल तर ती भाकरीचा तुकडा कुसकरीत, पाहुण्यांस वाढीत, आपण जेवत आहों असें भासवी आणि उपाशी उठे. कधीं अन्न शुद्ध पण पेय अशुद्ध, तर कधीं पेय शुद्ध पण अन्न अशुद्ध. आणि ज्या दिवशीं दोन्ही न्यायाचीं ठरत त्या दिवशीं ती लहान मुलीप्रमाणें आनंदानें टाळ्या वाजवी. तिच्या दासीही तिच्याबरोबर हा नियम पाळीत. ही हकीकत त्या दासींनीं तिच्या मृत्यूनंतर चौकशी करणाऱ्यांपुढें साक्ष देतांना सांगितली, म्हणून ती विश्वसनीय आहे.

लुडविगानें यावर काय केलें? त्यानें तिला हंसलें नाहीं कीं रागें भरलें नाहीं. लोक काय म्हणतील ही भीति नसती तर आपणही असेंच वागलों असतों, असें त्यानें कबूल केलें, आणि आपल्या कारभारांत सुधारणा करण्याची इच्छा दाखविली. पाहा, मोठ्या सत्तेच्या मनुष्यासही जनलज्जेचें बंधन किती घट्ट असतें!

इ. स. १२२६ सालीं थुरिंगियांत भयंकर दुष्काळ पडला. लुडविग त्या वेळीं बादशहा दुसरा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून दूर इटली देशांत गेला होता. लोक मुळ्या व रानांतील फळें खाऊन जगूं पाहत होते. रस्त्यांच्या कडेस माणसें मरून पडत होतीं. राज्याचा भार एकोणीस वर्षांच्या एलिझाबेथेवर होता. तिनें पतीचीं कोठारें उघडविलीं. दुसरा कोणी असता तर त्यानें एके दिवशीं सढळ हातानें सारें वाटून नांव मिळविलें असतें, आणि महिन्यानें कोठार व लोक दोन्हीं रिकामीं झालीं असतीं. हिनें तसें केलें नाहीं. तिनें एका दिवसाला पुरेल इतकेंच धान्य रोज मोजून दिलें, म्हणजे नवें पीक येईपर्यंत तें टिकावें. रोज अन्न घेणाऱ्यांचा आंकडा जुन्या वृत्तांतांत ९०० दिला आहे. जे अशक्त डोंगर चढूं शकत नसत त्यांच्यासाठीं गडाच्या पायथ्याशीं एक दवाखाना उभारिला होता, आणि तेथें ती स्वतः दिवसांतून दोनदां तो कडा उतरून जाई. तेथील पोरकीं मुलें तिला आई म्हणून बिलगत. त्यांच्यासाठीं ती मातीचीं लहान भांडीं व कांचेच्या आंगठ्या खेळावयास आणी.

मग सुगी आली. त्या वेळीं तिनें केलेली गोष्ट आम्हांस तिच्या सर्व दानांहून मोठी वाटते. ज्यांच्या अंगांत काम करण्याची शक्ति होती, त्या प्रत्येकास तिनें एक सदरा, एक विळा आणि पायांत घालावयास जोडे दिले. जोडे कशासाठीं? कापणीच्या शेतांत अनवाणी चालतांना धसकटें पायांत शिरतात म्हणून. राजवाड्यांत वाढलेल्या त्या मुलीस धसकटें कशीं बोंचतात हें कोणी शिकविलें असेल? ज्याचें मन दीनांबरोबर चालतें, त्याचे पायही त्यांच्याबरोबर चालतात, हेंच उत्तर. तिनें त्या लोकांस भिकारी करून ठेविलें नाहीं. आपल्या घामाची भाकरी खाण्याकरितां त्यांस पुन्हां उभें केलें.

लुडविग परत आला तेव्हां कारभाऱ्यांनीं त्याच्याकडे गाऱ्हाणें नेलें कीं बाईसाहेबांनीं कोठारें रिकामीं केलीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, वार्टबुर्ग व नॉयेनबुर्ग हे दोन किल्ले आपल्याकडे राहिले म्हणजे झालें. बाकी तिला देवासाठीं जें द्यावयाचें तें देऊं द्या.

येथें एका प्रसिद्ध कथेविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. एकदां एलिझाबेथ पदराखालीं भाकरी लपवून गड उतरत असतां पतीनें तिला अडविलें व पदर दूर केला, तों भाकरींचे गुलाब झाले होते, असें चित्रांत दाखवितात. ज्या दासी रात्रंदिवस तिच्याजवळ होत्या त्यांच्या साक्षींत या चमत्काराचा मागमूस नाहीं. ही कथा फार मागाहून तिच्या नांवाशीं जोडिली गेली. शिवाय ती त्या भल्या पतीवर अन्याय करिते, कारण त्याच्यापासून भाकरी लपविण्याचें तिला कारणच नव्हतें. आणि आम्ही म्हणतों, भुकेल्यास गुलाबांचा काय उपयोग? भाकरी ही भाकरीच राहिली व ती भुकेल्याच्या मुखीं पडली, यांतच देवाचें गौरव अधिक आहे.

इ. स. १२२७ च्या उन्हाळ्यांत लुडविग बादशहाबरोबर यरुशलेमाच्या क्रूसयुद्धास निघाला. एलिझाबेथ गरोदर होती. ती राज्याच्या सीमेपर्यंत त्यास पोंचवावयास गेली. परंतु तेथून परतवेना, म्हणून आणखी पुढें गेली. तीच त्यांची शेवटची भेट. इटलींतील ओत्रांतो बंदरांत तापानें ११ सप्टेंबर रोजीं तो मरण पावला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं गेर्ट्रूडेचा जन्म झाला, आणि मागून ती बातमी गडावर येऊन पोंचली. वीस वर्षांची ती विधवा वेड लागल्यासारखी वाड्यांतून धांवत सुटली. आपलें सारें जग मेलें, असें तिला झालें.

तिचा मुलगा पांच वर्षांचा होता, म्हणून लुडविगाचा भाऊ हाइनरिख रास्पे यानें कारभार हातीं घेतला. त्यानें विधवेचें उत्पन्न अडकवून ठेविलें. त्याच्या माणसांनीं तिला गडाबाहेर काढिलें असें कित्येक इतिहासकार म्हणतात. दुसरे म्हणतात कीं, हक्काचें उत्पन्न बंद झाल्यावर गडावर राहून जुलमाचें अन्न खाण्यापेक्षां ती आपण होऊन खालीं उतरली. कसेंही असो, त्या हिंवाळ्यांत राजकन्या रित्या हातांनीं आयझेनाख शहरांत आली. पहिल्या रात्रीं एका खाणावळवाल्याच्या आवारांत, जेथें पूर्वीं डुकरें ठेवीत अशा खोपटांत ती राहिली. मध्यरात्रीं उठून ती फ्रान्सिस्कन बंधूंच्या मंदिरांत गेली आणि माझ्या या संकटाबद्दल देवाचें उपकारस्तवन गा, अशी तिनें त्यांस विनंति केली. धनी रागावेल या भयानें शहरांत तिला कोणी थारा देईना. ज्या शहरास तिनें दुष्काळांत जगविलें तेंच हें शहर! एके दिवशीं चिखलाच्या अरुंद वाटेवर एक म्हातारी समोरून आली. एलिझाबेथेनें पूर्वीं तिला पुष्कळदां मदत केली होती. म्हातारीनें वाट दिली नाहीं, उलट तिला चिखलांत लोटून दिलें. एलिझाबेथ हंसत उठली व आपले कपडे धुऊं लागली. उपकार करून कृतघ्नता पदरीं आली म्हणून ज्यांचीं मनें कडू झालीं आहेत, अशा आमच्या उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट मनांत सांठवावी.

पुढें तिच्या नातलगांनीं तिला आश्रय दिला. तिचा मामा बांबेर्ग येथील बिशप होता. त्यानें तिचें दुसरें लग्न लावून देण्याचा घाट घातला, परंतु तिनें तो मानिला नाहीं. इ. स. १२२८ च्या उत्तम शुक्रवारीं तिनें उघड्या वेदीवर हात ठेवून ऐहिक वैभवाचा त्याग केला. शेवटीं दिरानें समेट करून २००० मार्क चांदी व मारबुर्ग येथें राहण्यास जागा दिली. त्यांतील ५०० मार्क तिनें एकाच दिवशीं गरिबांस वांटिले, आणि उरलेल्या द्रव्यांतून मारबुर्ग येथें दवाखाना बांधिला. ती तेथील धनीण होऊन राहिली नाहीं. करड्या रंगाचें जाडेंभरडें वस्त्र नेसून सेविकांतील एक झाली. कोणी शिवूं धजत नसे अशा रोग्यांच्या जखमा ती बांधी, त्यांचे केंस विंचरी, भांडीं घांशी. आपल्या पोटासाठीं एका मठाची लोंकर मजुरीनें कातून देई. हंगेरीहून तिच्या पित्यानें पाठविलेला सरदार तिला न्यावयास आला, तेव्हां राजाची मुलगी चरक्याच्या मजुरीवर जगत आहे हें पाहून तो थक्क झाला. ती त्याच्याबरोबर गेली नाहीं. आतां तिच्या ताटांतील भाकरी कोठून आली हें कारभाऱ्यास विचारण्याची गरज उरली नव्हती.

तथापि चरित्रकारानें खरें तेंच सांगितलें पाहिजे. कॉनराड मोठा कठोर मनुष्य होता. त्यानें तिच्या जिवाभावाच्या दासी तिच्यापासून तोडिल्या. लहानशा अपराधासाठीं तिला फटके मारविले. तिचीं मुलेंही तिच्यापासून दूर झालीं, आणि धाकटी गेर्ट्रूड तर दोन वर्षांचीही नसतां मठांत दिली गेली. हें सारें देवाच्या प्रीतीस्तव होत आहे, असें त्या दोघांस वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. देवाची कृपा देह छळून विकत घ्यावी लागत नाहीं, आणि आईनें आपलें तान्हें दूर करावें अशी आपल्या दयाळु पित्याची इच्छा नसते. काळाचा हा दोष आम्ही झांकीत नाहीं. परंतु त्यामुळें तिच्या प्रीतीचें तेज कमी झालें असेंही म्हणत नाहीं.

अशा श्रमांनीं देह झिजून १७ नोव्हेंबर १२३१ रोजीं ती मारबुर्ग येथें प्रभूकडे गेली. तिचें वय केवळ चोवीस वर्षांचें होतें. चार वर्षांतच, म्हणजे १२३५ सालीं, पोपानें तिला संतपद दिलें. तिच्या कबरेवर मोठें मंदिर उठलें, सोन्याची पेटी घडविली गेली, आणि १२३६ सालीं स्वतः बादशहा तिच्या अस्थींच्या सन्मानास हजर राहिला. जी जिवंत असतां खोपटांत राहिली तिच्या हाडांस सोन्याचें घर मिळालें!

आणि त्या वंशाचें काय झालें? तिचा मुलगा १२४१ सालीं तरुणपणींच वारला. हाइनरिख रास्पे १२४६ सालीं बादशहाविरुद्ध जर्मनीचा राजा म्हणून उभा राहिला, आणि दुसऱ्याच वर्षीं वार्टबुर्गवर निपुत्रिक मेला. लुडोविंग घराण्याचा पुरुषवंश त्याच्याबरोबर बुडाला. वारसाहक्कासाठीं १२६४ पर्यंत लढाया झाल्या. वार्टबुर्ग किल्ला वेट्टिन घराण्याकडे गेला, आणि हेस्से प्रांत एलिझाबेथेच्या कन्येनें, सोफियेनें, आपल्या मुलासाठीं राखिला. वेट्टिन घराण्यांतील सॅक्सनीचा शहाणा फ्रेडरिक यानेंच १५२१ सालीं ल्यूथरास या किल्ल्यावर दडवून वांचविलें. तेथें ल्यूथरानें सुमारें अकरा आठवड्यांत नव्या कराराचें भाषांतर केलें, आणि तें १५२२ च्या सप्टेंबरांत छापून निघालें. ज्या गडावरून एकदां देहाची भाकरी गरिबांकडे उतरली, त्याच गडावरून आत्म्याची भाकरी शेतकऱ्याच्या भाषेंत खालीं उतरली.

सोफियेच्या वंशांत हेस्सेचा लँडग्रेव्ह फिलिप झाला. तो सुधारणेचा कैवारी होता. लोक देवाऐवजीं आपल्या पूर्वजेच्या अस्थींस भजतात हें पाहून १५३९ सालीं त्यानें त्या अस्थी मंदिरांतून काढविल्या. हें ऐकून कोणी म्हणेल कीं त्यानें तिचा अपमान केला. परंतु त्याच फिलिपानें मठांच्या उत्पन्नांतून १५३३ सालीं हाइना व मेर्क्सहाउझन येथें, आणि पुढें आणखी दोन ठिकाणीं, खेड्यांतील गरीब रोग्यांसाठीं दवाखाने स्थापिले. आमच्या मतें त्यानें तिच्या हाडांचा मान काढून तिच्या कामाचा मान वाढविला.

वार्टबुर्ग किल्ला अद्याप उभा आहे. १९१८ सालीं त्याच्या शेवटच्या राजवंशाची सत्ता संपली, आणि १९९९ पासून तो जगाच्या वारशांत गणिला जातो. वंश आले आणि गेले. त्यांच्या मेजवान्या कोणी आठवीत नाहीं. जी एकटी स्त्री त्या मेजवानींत उपाशी उठली तिचें नांव मात्र राहिलें.

वाचकहो, आपल्यापैकीं कोणी किल्ल्यावर राहत नाहीं. परंतु प्रत्येकाच्या घरीं चूल आहे, आणि कोणा ना कोणावर आपला थोडा तरी अधिकार चालतो. कोणी मजूर लावितो, कोणी माप घालतो, कोणी उसनें देतो, कोणी मंडळीचा पैसा सांभाळितो. आज रात्रीं भाकरीवर आशीर्वाद मागण्यापूर्वीं तिचा तो जुना प्रश्न आपणही क्षणभर मनांत आणावा. उत्तर शुद्ध निघालें तर तिच्याप्रमाणें आनंद करावा. न निघालें तर ज्याचें त्यास परत देण्यास उद्यांची वाट पाहूं नये.